दहा महिने, एक एसी आणि एक सबमीटर: आईच्या असिस्टेड लिव्हिंगचा अनुभव

मागच्या महिन्यापर्यंत मी या जागेला पाचपैकी दोन देणार होतो. आता किती द्यायचे ते ठरत नाही, म्हणून आकडा देत नाही. जागेचं नावही लिहीत नाही, कारण आई अजून तिथेच आहे आणि मॅनेजरशी माझा रोजचा संबंध आहे. नागपुरात वर्धा रोडकडची, म्हाताऱ्यांना रोजच्या कामांत मदत देणारी राहायची जागा आहे, एवढं पुरे.

आई 81ची. मागच्या सप्टेंबरात तिला इथे आणलं. धाकटा भाऊ रत्नागिरीला असतो. त्याचं म्हणणं होतं की तिकडेच समुद्राजवळ एखादी जागा पाहू, हवा चांगली. आई त्याच्याकडे पंधरा दिवस राहून आली आणि म्हणाली, "लुगडं वाळत नाही तिथं, मी काय वाळणार?" विषय संपला.

खर्च असा. सिंगल रूम महिना 32,000, वर 18 टक्के जीएसटी 5,760, म्हणजे 37,760. परत मिळणारं डिपॉझिट दीड लाख. आईचं फॅमिली पेन्शन 27,400 (बाबा रेल्वेत होते). त्यांचे 15 लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये आहेत, 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 30,750 येतात, म्हणजे महिना 10,250. बेरीज 37,650. फक्त 110 रुपये कमी. मी खूश होतो. औषधं आणि डायपर मी पाहतो.

जीएसटीची गंमत मला उशिरा कळली. आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम असेल आणि राहणं, जेवण, देखभाल मिळून महिना 25,000 च्या आत असेल, तर साठीच्या वरच्यांना जीएसटी लागत नाही. आमची जागा कंपनीची, त्यामुळे लागला. जागा पाहायला जाल तेव्हा फुलझाडं नंतर बघा, हे आधी विचारा. दुसरं म्हणजे 'असिस्टेड' मध्ये काय काय येतं ते लिहून घ्या. आमच्याकडे आंघोळ, कपडे, गोळ्यांची वेळ आणि हात धरून फिरवणं येतं. नळीतून जेवण द्यायची वेळ आली की दर वेगळा. सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड (ऑक्टोबर 2024 पासून, वर्षाला 5 लाख) हॉस्पिटलात भरती झाल्यावर चालतं, इथल्या बिलाला नाही. मी हे मॅनेजरला विचारलं होतं. तो हसला.

आता मूळ मुद्दा. मी महावितरणात बिलिंगला 26 वर्षं काढली आहेत, त्यामुळे पुढचं जरा लांबेल.

एसीची वीज वेगळी. प्रत्येक खोलीला सबमीटर, दर 16 रुपये युनिट. डिझेल जनरेटर धरून आहे म्हणतात. बरं. हिवाळ्यात काही जाणवलं नाही. मार्चच्या मध्याला एसी सुरू झाला आणि एप्रिलचं बिल आलं 412 युनिटचं, 6,592 रुपये! दीड टनाचा एसी रात्री दहा ते सात चालला तर माझ्या हिशेबाने 270 च्या आसपास, पंखा-ट्यूबचे वीस धरा. मॅनेजर म्हणाला, "आजी दुपारी पण लावतात, सर." मला ते पटलं. नागपूरचा एप्रिल, कोण लावणार नाही?

मी आईला बोललो. जरा जास्तच बोललो.

मे महिना गेला. 301 युनिट. दुपारी लावत नव्हतीस ना, असं पुन्हा विचारायला गेलो तेव्हा रात्री तिच्याजवळ असणारी मुलगी (भंडाऱ्याकडची आहे) हळूच म्हणाली, "काका, आजी दोन वाजता उठून एसी बंद करून राहिल्या. मग ओला टॉवेल अंगावर घेतात." पारा 45 च्या पुढे, आणि माझी आई माझ्या 16 रुपयांसाठी ओला टॉवेल घेऊन निजली होती. मी खाली गेलो आणि टॉर्च मागितला.

आईच्या सबमीटरवर 3200 इंपल्स प्रति युनिट लिहिलेलं होतं. लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. खोलीतलं सगळं बंद केलं, एसीचा एमसीबी पाडला. दिवा लुकलुकतच होता. घड्याळ लावलं, तीन सेकंदांना एक, म्हणजे सुमारे 375 वॅट. खोली अंधारात, आई खाटेवर बसलेली, आणि कोणीतरी 375 वॅट खातंय. कॉरिडॉरमध्ये फिरलो. शेवटी वॉटर कूलरची पिन काढली. दिवा थांबला.

पूर्ण मजल्याचं थंड पाणी आईच्या मीटरवर! कॉम्प्रेसर दिवसाचे निम्मे तास जरी धरला तरी महिन्याला 135 युनिट, 2,160 रुपये.

मॅनेजर आधी म्हणाला मीटर ठीक आहे. मीही तेच म्हणत होतो, मीटर उत्तमच आहे. मग 'कॉमन लोड' (सगळ्यांची सामाईक वीज) म्हणाला. मग मी शांतपणे सांगितलं की ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. दोन दिवसांत मालकाचा फोन आला.

याच जागेचं दुसरं तोंड मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. आईच्या बोटांचे ठसे घासून गेलेत, हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही दोन वर्षं बँकेत हेलपाटे घातले. मागच्या ऑक्टोबरात त्याच भंडाऱ्याच्या मुलीने मोबाइलवर चेहरा दाखवून पाच मिनिटांत जीवन प्रमाण काढून दिलं. आईने डोळे मिटले म्हणून दोनदा करावं लागलं, इतकंच. आणि जेवण. गुरुवारी वडाभात असतो, वर कढत तेल-हिंगाची फोडणी. घरी माझ्या बायकोला आईच्या हाताचा वडाभात जमत नाही, इथल्या बाईला जमतो. हे मी घरी बोललेलो नाही. चहा मात्र चारला अर्धाच कप, त्यावर आईचं भांडण स्वतंत्र चालू आहे.

इलेक्ट्रिशियन जोडणी बदलायला आला त्या दिवशी आई दारात उभी राहून बघत होती. "काऊन काढून राहिला रे?"

"आई, तुझ्या बिलावर सगळे पाणी पीत होते."

"मग? तुझे बाबा उन्हाळ्यात स्टेशनावर रांजण भरून ठेवत, तेव्हा कोणी मीटर लावलं होतं?" मग शेजारच्या खोलीतल्या आजींकडे वळून म्हणाली, "दोन महिने माझी पाणपोई होती बघा." स्वर तक्रारीचा नव्हता.

जोडणी बदलली. आता एसी रात्रभर चालतो, मी रिमोटचं सेल काढून टेबलावर ठेवलंय, बंद करायची सोयच नाही. मार्चचे पंधरा दिवस सोडा म्हणाले, सोडले. एप्रिल-मेचे 4,320 रुपये जुलैच्या बिलात वजा करून दिले. त्या रकमेवर आधी लावलेला 18 टक्के जीएसटी मात्र परत केलेला नाही. 777 रुपये 60 पैसे. परवा ईमेल टाकलाय.