माझीच यादी मला विकली

परवा उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं. सहा आठवडे डाव्या हाताने जेवले, वेणी घालून घ्यायला आईसमोर पाठ करून बसले, आणि या सगळ्या काळात आई एकदाही ‘मी सांगत होते’ असं म्हणाली नाही, तेच जास्त लागलं. आता दोन्ही हातांनी टाइप करता येतंय, तर झालं ते लिहून टाकते. इंदूरात लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, घ्यायचं मनात असलेली माझ्यासारखी आणखी थोडी वेडी माणसं असणारच.

मी चौतीस वर्षांची. राजेंद्रनगरात राहते. वजन 74 किलो. हा आकडा पुढे लागणार आहे, म्हणून लाज सोडून लिहिलाय. शाळेत असताना स्केट्स होते, मग बारावी आली आणि ते माळ्यावर गेले. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे मावशीला विमानतळावर सोडून सुपर कॉरिडॉरने परत येत होते. एवढा रुंद, गुळगुळीत, रिकामा रस्ता, आणि एक मुलगी लांबलचक फळीवर उभी राहून नदीतल्या होडीसारखी डावी-उजवीकडे डुलत चालली होती. गाडी बाजूला घेऊन ती दिसेनाशी होईपर्यंत बघत बसले. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, ‘या वयात चाकांवर?’ मी तिला पन्ना जिल्ह्यातल्या जनवारची गोष्ट सांगितली. तिथे 2015 साली स्केटपार्क झाला, आणि त्या खेड्यातली आशा गोंड 2018 मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेत उतरली. आई म्हणाली, ‘ती तेव्हा अठरा-एकोणीसची असेल.’ विषय संपला.

मग चार महिने मी फक्त व्हिडिओ पाहिले. इथेच माझं चुकलं, पण ते नंतर कळलं. व्हिडिओ पाहून शब्द येतात, हाताला काही कळत नाही. बोर्ड कसा निवडायचा हे मला तोंडपाठ झालं होतं. फळीवर चालत, पावलं टाकत नाच करायचा असेल तर 44-46 इंचांच्या वरची, जरा लवचीक फळी लागते. उतारावरून वेगात यायचं असेल तर फळी ताठ हवी आणि ट्रकचा (फळीखाली चाकं धरून ठेवणारा, वळणारा धातूचा भाग) कोन कमी, म्हणजे बोर्ड पटकन वळत नाही आणि वेगात थरथरत नाही. मला यातलं काहीच नको होतं. जामगेटच्या घाटातून खाली यायची स्वप्नं मी पाहिली आहेत, पण ती गादीवर पडून. मला हवं होतं ते रिकाम्या रस्त्यावर झुलत जाणं, त्याला कार्व्हिंग म्हणतात. त्यासाठी 38-40 इंचांची फळी, रिव्हर्स किंगपिनचे (म्हणजे मधला मोठा बोल्ट बाहेरच्या बाजूला असलेले) 180 मिलिमीटरचे ट्रक, 50 अंशांची बेसप्लेट (ट्रकचा फळीला जोडलेला भाग), आणि मोठी, मऊ चाकं: 70 मिलिमीटर, 78ए. या ‘ए’च्या मापात आकडा जितका कमी, तितकं चाक मऊ. रस्त्यावरच्या फटी, खडी, सगळं मऊ चाक पोटात घेतं. ट्रिक मारणाऱ्या मुलांच्या छोट्या स्केटबोर्डची चाकं 99ए किंवा 101ए असतात, ती आपल्या डांबरावर दात खिळखिळे करतात.

हे सगळं मी एका यादीत लिहिलं. वर टीपही टाकली: ‘सकाळी रिकाम्या रस्त्यावर निवांत चालवायला.’ आणि ती यादी जुना-नवा माल विकणाऱ्या एका ग्रुपवर टाकली.

दोन तासांत मेसेज आला. मराठीत. ‘ताई, तुम्ही लिहिलंय अगदी तस्संच माझ्याकडे आहे. कॅनडातल्या भावाने आणलंय, चार वेळा चालवलंय फक्त.’

इंदूरात अनोळखी माणूस मराठीत बोलला की आपण अर्धं दार आधीच उघडतो. दिवसभर हिंदीत भांडून, हिंदीत भाजी घेऊन घरी आलेल्या माणसाला ‘ताई’ या एका शब्दाने काय होतं ते मी सांगायला नको. त्याने आजोळ रामबागेत असल्याचं सांगितलं, त्याची आजी आणि माझी आजी एकाच भजनी मंडळात असेल असंही निघालं (म्हणजे मीच काढलं, त्याने फक्त ‘हो का!’ म्हटलं). आता पुन्हा आठवून पाहते तेव्हा लक्षात येतं की सगळ्या गप्पांत त्याने स्वतःहून एकही नवी माहिती दिली नाही. मी विचारलं, ‘फळी बांबूची आहे का?’ तो म्हणाला, बांबूची. मी विचारलं, ‘बेअरिंग चांगले आहेत ना?’ तो म्हणाला, टॉप, एबेक 11 (एबेक हे बेअरिंगच्या अचूकतेचं माप). जाहिरातीत काय लिहायचं ते मीच त्याला पुरवत होते.

त्याने एकच गोष्ट विचारली नाही, आणि यादीत नेमकी तीच मी लिहिली नव्हती. वजन. विसरले नव्हते, टाळलं होतं. लाँगबोर्ड खरोखर विकणारा माणूस आधी वजन विचारतो आणि मग बाकीचं बोलतो, कारण फळीची लवचीकता आणि ट्रकमधले बुशिंग, ते पेढ्याएवढे रबरी ठोकळे, वजनावर ठरतात. पन्नास किलोच्या मुलीला जे बुशिंग ठीक ते माझ्याखाली लोण्यासारखे दबतात.

16,500 ठरले. 2,000 यूपीआयने आगाऊ, बाकी हातात रोख. भेट छप्पन दुकानच्या पलीकडच्या एका पार्किंगमध्ये, रात्री साडेनऊला. दिवसा का नाही, हे मी विचारलं नाही. पोरगा चोवीस-पंचवीसचा, इस्त्रीचा शर्ट, वाकून नमस्कार करणारा. पाठीवरून पिशवी काढली, बोर्ड उलटा धरला आणि पुढच्या चाकाला बोटाने टिचकी दिली.

चाक फिरत राहिलं. आम्ही बोलत होतो, ते फिरत होतं. त्याने कॅनडाच्या थंडीबद्दल काही सांगितलं, तेव्हाही फिरत होतं. ‘बघा ताई, थांबतंय का?’ मी मोबाइलच्या उजेडात त्या चाकाकडे पाहत राहिले आणि फळीकडे, ट्रककडे, कुठल्याच नटाकडे पाहिलं नाही. मग त्याने बोर्ड खाली ठेवला, ‘उभ्या राहा’ म्हणाला. उभी राहिले, जरा झुकले, बोर्ड लगेच झुकला. व्हिडिओतल्यासारखा. पैसे दिले. वर त्याला खोपरा पॅटिसही खाऊ घातलं, ते माझ्याच पैशाने.

पहिले दोन दिवस घराजवळच्या गल्लीत. दात वाजत होते, पण मला वाटलं गल्लीच वाईट आहे. तिसऱ्या पहाटे सुपर कॉरिडॉर. हेल्मेट होतं, मनगटाचे गार्ड नव्हते, ही चूक माझीच. हळूहळू वेग आला, मी पायाच्या बोटांकडे भार देऊन उजवीकडे झुकले, खालून ‘कर्र’ असा आवाज आला आणि बोर्ड जागच्या जागी थांबला. मी थांबले नाही.

याला व्हीलबाइट म्हणतात: वळताना चाक फळीच्या पोटाला भिडून जाम होणं. मोठी चाकं ट्रकवर सरळ बसवलेल्या फळीखाली लावायची असतील तर मधे रायझर नावाची जाड चकती घालतात, किंवा चाकासमोर फळीला खाच असते. माझ्या बोर्डाला दोन्ही नव्हतं. शिवाय किंगपिनचा नट त्याने मुद्दाम ढिला केला होता, म्हणूनच पार्किंगमध्ये उभी राहिल्यावर तो एवढा झुलला.

रस्त्याच्या कडेला बसून मी बोर्ड उलटा केला. चाक घासलं होतं तिथे चंद्रकोरीसारखा पांढरा डाग. बांबूच्या रेषा तेवढ्या भागात गायब. डाव्या हाताच्या नखाने कडा खरवडली तर बांबू सोलून आला. कागद होता. खाली आपलं साधं प्लायवूड, कपाटाच्या मागच्या बाजूला लावतात तसं.

बाकीचं माझ्या मावसभावाने उघडं पाडलं. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं रबरी सील आणि गास्केट बनवायचं लहान युनिट आहे. रबराचा कडकपणा मोजायला त्याच्याकडे घड्याळासारखी तबकडी असलेलं एक मीटर असतं, खाली सुई. तो म्हणाला, ‘अगं, हा तुझा ए म्हणजे आमचाच शोअर ए. आण इकडे.’ चाकावर छापलं होतं 78ए. सुई दाबली, काटा 95 वर. दुसरं चाक, 95. तिसरं, 96. मग बुशिंग काढून तबकडी लावली तर काटा 70 पर्यंतही जाईना. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘जिथे मऊ पाहिजे तिथे दगड, आणि जिथे कडक पाहिजे तिथे हलवा.’

व्यास मात्र बरोब्बर 70 निघाला. पट्टीने जे मोजता येतं ते त्याने खरं ठेवलं होतं.

दादा चाकांच्या बाबतीत जरा भावूक आहे. म्हणाला, हा खेळ युरेथेनवर, त्या रबरासारख्या प्लास्टिकवर, उभा आहे. 1970 च्या दशकात युरेथेनची चाकं आली, त्याआधी पोरं लोखंडाच्या आणि मातीच्या चाकांवर आपटत होती, एक खडा आला की संपलं. ‘तुला त्याने पन्नास वर्षं मागे पाठवलं,’ असं म्हणून त्याने चहा मागवला.

मग बेअरिंग. एबेकच्या मापात 1, 3, 5, 7, 9 एवढेच आकडे असतात. 11 हा दर्जाच नाही. आणि असता तरी काय उपयोग? ते माप यंत्रांच्या अतिवेगवान स्पिंडलसाठी आहे. ताशी 25 किलोमीटरने गेलीस तरी 70 मिलिमीटरचं चाक मिनिटाला 1,900 च्या आसपास फेरे घेतं, असा हिशेब दादाने पाकिटाच्या मागे करून दाखवला. 608 नंबरचं कुठलंही बरं बेअरिंग ते झोपेत करतं. मग पार्किंगमध्ये ते चाक एवढा वेळ कसं फिरलं? दादाने बेअरिंगचं झाकण पिनेने काढून माझ्या नाकापाशी धरलं. रॉकेलचा वास. आतलं ग्रीस धुऊन टाकलेलं, गोळ्या कोरड्या ठणठणीत. कोरडं बेअरिंग हातात भरपूर फिरतं, माणूस उभा राहिला की झिजायला लागतं. ग्रीस भरलेलं चांगलं बेअरिंग टिचकीने थोडंच फिरतं, आणि तसं समोर आलं असतं तर मी तेच नाकारलं असतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी जुना बोर्ड घेणार असेल तर दिवसाउजेडी घ्या. चाकाला नख लावून बघा, मऊ युरेथेन किंचित दबतं. रंगाखालची कडा बघा, ट्रकच्या छिद्रांत थर दिसतात. पूर्ण झुकून चाक फळीला लागतंय का ते उभ्यानेच पाहता येतं, दोन माणसांनी धरून. आणि विकणाऱ्याला यादी देऊ नका. त्यालाच बोलू द्या.

तक्रारीचं म्हणाल तर 1930 ला फोन केला. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, पैसे गेले की लगेच करायचा असतो. मी पडल्यानंतर दोन दिवसांनी केला. यूपीआयने गेले होते फक्त 2,000, बाकी 14,500 रोख, पावती नाही. वर त्याने पहिल्याच दिवशी ‘माझा फोन हँग होतो हो ताई’ म्हणून चॅटमधले मेसेज आपोआप पुसले जातील अशी सोय करून ठेवली होती. माझ्या हातात उरला माझ्याच यादीचा स्क्रीनशॉट. ठाण्यात लेखी अर्ज दिला. चारसोबीस म्हणायची सवय, पण 1 जुलै 2024 पासून फसवणुकीचं कलम 318 आहे, हे तिथे कळलं. अर्जाची पोच मिळाली आहे. पुढे काही नाही.

मागच्या आठवड्यात भाचीने तिच्या फोनवर एक जाहिरात दाखवली. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ग्रुपवर. 180 चे ट्रक, 50 अंश, 78ए, बांबू. शेवटची ओळ: ‘सकाळी रिकाम्या रस्त्यावर निवांत चालवायला.’ मी घाईत ‘रिव्हर्स’ ऐवजी ‘रिर्व्हस’ लिहिलं होतं, ते सुद्धा तसंच.

ठाण्यात जाऊन त्या अर्जाला ही जाहिरात जोडायची होती, पण आधी राहवलं नाही. भाचीच्या फोनवरून विचारलं, ‘किती वजनापर्यंत चालेल हा?’

मिनिटभरात उत्तर आलं. ‘तुमचं किती आहे सांगा ना ताई. तेवढं चालतं.’