आत घ्या म्हणायचं की सिस्टमच बदला म्हणायचं?

गे चळवळीतला हा वाद जुनाच आहे. एक बाजू म्हणते आम्ही तुमच्यासारखेच, आम्हाला आत घ्या. दुसरी म्हणते नियमच चुकीचे आहेत, आधी ते बदला.

पहिलीचं उदाहरण म्हणजे १९६५ ची व्हाइट हाउससमोरची निदर्शनं. ती काढणाऱ्या गे कार्यकर्त्या फ्रँक कॅमेनींचा आग्रह असा की पुरुषांनी सूट-टाय आणि बायकांनी स्कर्ट किंवा ड्रेस घालूनच यायचं, नोकरी द्यायला लायक दिसलं पाहिजे ना! तेव्हा गे म्हणून सरकारी नोकरीतून हाकलायचे, त्यामुळे समजू शकतो. पण ज्याच्याकडे सूटच नाही त्याचं काय?

दुसरीकडे न्यूयॉर्कच्या ट्रान्स कार्यकर्त्या सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा पी. जॉन्सन, यांनी १९७० मध्ये 'स्टार' ही संघटना सुरू केली, रस्त्यावरच्या बेघर ट्रान्स पोरांना छप्पर मिळावं म्हणून. आणि १९७३ ला न्यूयॉर्कच्या प्राइड सभेत रिव्हेरा तुरुंगातल्या लोकांबद्दल बोलायला स्टेजवर गेली तर आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली.

रिझल्ट बघितला तर पहिला रस्ता जिंकला हे मान्य करावंच लागेल, २०१५ ला अमेरिकाभर समलिंगी लग्न कायदेशीर झालं. वारसाहक्क, जोडीदाराचा इन्शुरन्स, ही काय फालतू गोष्ट नाही. फक्त वारसा ठेवायला आधी काहीतरी असावं लागतं. आणि गंमत बघा, गे आहे म्हणून नोकरीवरून काढता येणार नाही हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं, म्हणजे मधली पाच वर्षं बऱ्याच राज्यांत शनिवारी लग्न आणि सोमवारी नोकरी गेली असं होऊ शकत होतं. मला विचाराल तर क्रम उलटा हवा होता, आधी पगार आणि घर, मग लग्न.