मिरजेतला उन्हाळी बायोमेडिकल संशोधन वर्ग : अकरावीनंतर जावं का?

अकरावीची परीक्षा संपली की सांगलीत सगळे एकच विचारतात, नीटची बॅच कुठली लावलीस? मी मे महिन्यात मिरजेतल्या एका कॉलेजच्या उन्हाळी संशोधन वर्गाला गेले. पुढच्या वर्षी कुणाला जायचं असेल तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

सुरुवातीचे दिवस हात बसवण्यात जातात. मायक्रोपिपेटचं (थेंबाहूनही कमी द्रव मोजून उचलायच्या साधनाचं) बटण पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा, सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबायचं. मग तेच पाणी वजनकाट्यावर टाकून बघायचं, १ मिलिलिटरचं वजन १ ग्रॅमच्या आसपास भरतंय का. ऑटोक्लेव्ह, म्हणजे सामान निर्जंतुक करायचा मोठा प्रेशर कुकर, १२१ अंशांवर १५ मिनिटं. काही मुलं कंटाळली, पण हा पाया घाईत उरकला नाही याबद्दल मी शिकवणाऱ्या मॅडमना पूर्ण गुण देईन.

नंतर प्रत्येक गटाने आपला प्रश्न निवडायचा असतो. माझे पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी आहेत, त्यामुळे आमच्या गटाचा प्रश्न ठरलेलाच होता : जखमेवर हळद दाबतात, तर हळदीने जंतू खरंच मरतात का? पप्पांनी राजापुरी हळकुंडं दिली. आम्ही ती दळून एक अर्क पाण्यात काढला, एक इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये. जंतू म्हणून ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा के-१२ हा निरुपद्रवी वाण. अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर जंतू सारखे पसरवून त्यावर अर्कात भिजवलेल्या कागदाच्या ६ मिलिमीटरच्या चकत्या ठेवल्या आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर.

सकाळी झाकण उघडलं. तुलनेसाठी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती ३० मिलिमीटरच्या आसपास स्वच्छ गोल, म्हणजे तिथं जंतू वाढलेच नव्हते. पाण्याच्या अर्काच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढलेले, कारण हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. इथेनॉलच्या अर्काभोवती मात्र बारीकसा गोल होता आणि आम्ही सगळ्या आनंदाने ओरडलो. मॅडमनी शांतपणे शेजारची चकती दाखवली. तिच्यात नुसतं इथेनॉल होतं, आणि तिच्याभोवतीही जवळपास तेवढाच गोल. म्हणजे हा परिणाम हळदीचा आहे असं म्हणता येत नव्हतं. ती साधी चकती तिथं नसती तर सांगलीच्या हळदीचं कौतुक करून आम्ही मोकळ्या झालो असतो. कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला असा साधा नमुना) म्हणजे काय हे पुस्तकात वाचलं होतं, कळलं त्या सकाळी. मला विचाराल तर या वर्गाची सगळी फी त्या एका चकतीत वसूल आहे.

आणि वही! पेनानेच लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारायची, व्हाइटनर चालत नाही, प्रत्येक पानावर तारीख. कॉलेजच्या जर्नलमध्ये उत्तर आधीच माहीत असतं, इथं कुणालाच माहीत नसतं. ‘काही दिसलं नाही’ हेही निरीक्षण म्हणून तितक्याच नीट लिहावं लागतं.

आता खटकलेल्या गोष्टी. लॅमिनार एअर फ्लो (गाळलेल्या हवेत जंतूंचं काम करायचं कपाट) एकच, त्यामुळे दुपारी रांग लागते आणि मागच्या गटांचं काम संध्याकाळवर जातं. लांबून येणाऱ्या मुलींचे पालक काळजीत असतात, कारण उशिरा वडाप (शेअर जीप) मिळेलच असं नाही. संख्याशास्त्र एका दुपारी गुंडाळलं. टी-टेस्टचं (दोन सरासरींमधला फरक योगायोगाचा आहे का हे तपासायच्या गणिताचं) बटण दाबता येतं, पण ती का लावायची हे बऱ्याच जणांना समजलं नाही. शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या शाल-श्रीफळात इतका वेळ गेला की दोन गटांना पोस्टर समजावून सांगायलाच मिळालं नाही. त्यांनी महिनाभर राबून काम केलं होतं, मला त्याचं फार वाईट वाटलं. फी आमच्यासारख्या घराला जड आहे, सवलत हवी असेल तर अर्जासोबतच मागा, नंतर ऐकत नाहीत.

नीटच्या गुणांसाठी जाणार असाल तर जाऊ नका, त्यासाठी इथं काहीही शिकवत नाहीत. स्वतःचा एखादा प्रश्न असेल तर मात्र नक्की जा, आणि पहिल्याच आठवड्यात मॅडमना तो सांगून ठेवा. आमच्या गटाने दिवाळीच्या सुट्टीत चकत्या आधी पूर्ण वाळवून, इथेनॉल उडून गेल्यावर, हाच प्रयोग पुन्हा करायची परवानगी मागितली आहे. मॅडम हो म्हणाल्यात.