मांडलिक की स्वतंत्र? स्कॉटलंडमधील एक अभ्यासपूर्ण सहल

स्कॉटलंड पाहायला गेलेल्या पर्यटकाला सहसा लढाया सांगितल्या जातात. हे राज्य इंग्लंडचे मांडलिक होते की नाही, हा मूळ वाद मात्र बाजूला राहतो. एडिनबरामधील एका छोट्या संस्थेच्या, स्टर्लिंगमार्गे पर्थला जाणाऱ्या एक दिवसाच्या सहलीत आम्हाला नेमका हाच वाद ऐकायला मिळाला.

सुरुवात एडिनबरा किल्ल्यासमोर झाली. ११७४ मध्ये इंग्रजांच्या हाती सापडलेल्या स्कॉटलंडच्या राजा विल्यमला फालेझच्या तहाने इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीचे अधिपत्य मान्य करावे लागले आणि तारण म्हणून लिहून दिलेल्या किल्ल्यांत हाही किल्ला होता. ११८९ मध्ये हेन्रीचा मुलगा राजा रिचर्डने १०,००० मार्क (तेव्हाचे चलनी माप) घेऊन तो हक्क सोडला. तरीही वाद का मिटला नाही, हे मार्गदर्शक बाईंनी फार चांगले उलगडले. स्कॉटिश राजांच्या इंग्लंडमध्येही जमिनी होत्या आणि त्यांपोटी ते इंग्लंडच्या राजापुढे निष्ठेची शपथ घेत. ती शपथ जमिनीपुरती की साऱ्या राज्यासाठी, हाच खरा तंटा होता. १२७८ च्या शपथेबद्दल दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळत नाहीत. स्कॉटिश नोंदीनुसार, राज्यासाठीची शपथ केवळ ईश्वरालाच देणे लागते, असे स्कॉटलंडचा राजा तिसऱ्या अलेक्झांडरने बजावले होते. बाईंनी दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या आणि निकाल आमच्यावर सोडला, हे मला विशेष आवडले. १२९१ मध्ये गादीच्या दावेदारांचा निवाडा करण्याआधी इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने त्यांच्याकडून स्वतःचे अधिपत्य कबूल करून घेतले, त्यामागचा डावही त्यामुळे लगेच लक्षात आला.

स्टर्लिंगला मात्र इंग्रजांविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेसच्या शौर्यात तासभर गेला. १३२० मध्ये स्कॉटिश सरदारांनी पोपला पाठवलेल्या लॅटिन पत्राचा नुसता उल्लेख झाला. ज्या तहाने इंग्लंडने १३२८ मध्ये स्कॉटलंडचे स्वातंत्र्य अखेर मान्य केले, तो तर दोन वाक्यांत संपला. चार-पाच वर्षांतच तिसऱ्या एडवर्डने तो तह झुगारून पुन्हा स्वारी केली, याचा उच्चारही झाला नाही. सबंध दिवस ज्या प्रश्नाभोवती बांधला होता, त्याचेच उत्तर घाईत उरकले गेले, याची मला मनापासून खंत वाटली.

पर्थच्या संग्रहालयातील राज्याभिषेकाची शिळा हा शेवटचा थांबा. पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये स्कोनहून नेलेला हा दगड १९९६ मध्ये स्कॉटलंडला परत आला. तिथे आम्हाला घाई केली गेली नाही. ही सहल निवडणाऱ्यांनी स्टर्लिंगला मुक्काम असतानाच १३२८ च्या तहाबद्दल स्वतःहून विचारावे; बाईंचा अभ्यास दांडगा आहे, विचारले की त्या सांगतात.