पहिलं मराठी ई-बुक: गूगल डॉक्स आणि कॅलिबर ही फुकटची जोडी कितपत पुरते?

सोलापुरात पुस्तक काढायचं म्हटलं की पाय आधी डीटीपीच्या दुकानाकडे वळतात. छापील पुस्तकासाठी ते ठीक आहे. ई-बुकाला मात्र ही सवय नडते, कारण अनेक दुकानांत अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग चालतं. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'भाकरी' दिसते, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट निघाला की सगळा मजकूर कचरा. ई-बुक वाचकाच्या मोबाइलवर वाचकाच्याच फॉन्टमध्ये उघडतं, म्हणून मजकूर पहिल्या अक्षरापासून युनिकोडमध्येच हवा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या, कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येणाऱ्या पद्धतीत.

म्हणून इथे परीक्षणाला घेतली आहे ती घरबसल्या वापरता येणारी जोडी: लिहायला गूगल डॉक्स, आणि लिहिलेल्याचं ईपब, म्हणजे ई-बुकाची सर्वत्र चालणारी फाइल, करायला कॅलिबर. दोन्ही मोफत. कॅलिबर हे कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, मोबाइलवर नाही. निकाल आधीच सांगतो: डॉक्सला लिहिण्याबद्दल दहापैकी आठ, पण त्याच्या स्वतःच्या ईपबला चार. कॅलिबरला नऊ, फक्त त्याची दोन-तीन बटणं मराठी माणसाने ओळखून असायला हवीत.

उदाहरणासाठी एकच पुस्तक धरू: शेंगा चटणी, कडक भाकरी, शेंगा पोळी, धपाटे आणि हुरडा यांवरचं छोटं पुस्तक.

डॉक्स उघडण्याआधी

सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी आराखडा ते देत नाही, आणि पहिली ई-बुकं बहुतेक इथेच अडकतात. विषय 'सोलापूरची खाद्यसंस्कृती' असा ठेवला की पुस्तक कधीच संपत नाही. एका वाक्यात वाचक आणि त्याचं काम लिहा: 'नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या, गॅसची एकच शेगडी असलेल्या सोलापूरकराला घरच्यासारखी भाकरी-चटणी जमावी.' या वाक्यात न बसणारं प्रकरण, कितीही आवडतं असो, बाहेर. गड्ड्याच्या जत्रेचा इतिहास बाहेर. शेगडीवर भाकरी फुगत नाही ती का, हे आत.

लांबी बारा ते चौदा हजार शब्द पुरे. अकरा प्रकरणं, प्रत्येकी साधारण बाराशे. दिवसाला चारशे शब्द धरले तर तेहतीस दिवसांत कच्चा मसुदा होतो, आणि त्यानंतर दुरुस्तीला तेवढेच दिवस हातात ठेवा. तारीख मागून मोजा. हुरडा खायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पुस्तक नोव्हेंबर संपायच्या आत दुकानात हवं, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी पहिलं प्रकरण सुरू. संक्रांतीला आलेलं हुरड्याचं पुस्तक निम्मा हंगाम गमावून येतं.

आराखडा पूर्ण करण्याआधी सर्वांत अवघड प्रकरण एक लिहून पाहा. आपल्या पुस्तकात ते शेंगा चटणीचं. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून सोललेले, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरे, मीठ. इथपर्यंत सोपं. पण मिक्सरमध्ये एकदम फिरवली तर कोरडी पूड होते. खलबत्त्यात कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत धरली की गोळा बसतो, सोलापुरी चटणीची ओळख ती. हे सांगताना लगेच प्रश्न उभे राहतात: चमचा कुठला, चहाचा की पोह्याचा? खलबत्ता नसलेल्याने काय करायचं? मापांचं एक पान सुरुवातीलाच लागणार, आणि 'खलबत्ता नसेल तर' अशी चौकट प्रत्येक कृतीत लागणार, हे एका प्रकरणातच कळतं. अकरा प्रकरणं झाल्यावर कळलं तर सगळं पुन्हा लिहा.

हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून पाककृतींची चार-पाच जुनी पुस्तकं चाळली तरी ही मापांची गफलत किती सर्रास आहे ते दिसेल. 'मूठभर', 'अंदाजे', 'आवडीप्रमाणे' यांवर नवख्याला स्वयंपाक करता येत नाही.

गूगल डॉक्स: लिहायला उत्तम

डॉक्सची खरी किंमत हेडिंगमध्ये आहे. प्रकरणाचं नाव लिहून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा, ते पहिल्या पातळीचं शीर्षक होतं. कृतीच्या नावाला २. डाव्या बाजूला आराखडा आपोआप उभा राहतो आणि त्यावर क्लिक करून हव्या प्रकरणात जाता येतं. नवखे लोक शीर्षक ठळक करून अक्षर मोठं करतात. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पण कॅलिबरला ठळक अक्षरात प्रकरण दिसत नाही, आणि ई-बुकाची अनुक्रमणिका रिकामी येते. नव्या लेखकाच्या फाइलमध्ये सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच.

बाकीच्या सवयी भराभर. नवं प्रकरण नव्या पानावर आणायला दहा वेळा एंटर मारू नका, कंट्रोल-एंटर दाबा. परिच्छेदाच्या सुरुवातीला स्पेसबार नको. फोटो 'मजकुराच्या ओळीत' या पर्यायाने बसवा, बाजूने मजकूर वळवलेला फोटो ई-बुकात कुठेही उडतो. साहित्याची यादी तक्त्यात टाकू नका, साधी यादी करा. तीन रकान्यांचा तक्ता साडेसहा इंची मोबाइलवर एकेका रकान्यात दोन-दोन अक्षरं ठेवतो. 'पान ४२ पाहा' असंही लिहू नका. वाचकाने अक्षर मोठं केलं की पानं बदलतात, ४२ वं पान असं काही उरतच नाही. त्याऐवजी इन्सर्टमधून लिंक घालून थेट त्या हेडिंगला जोडा.

बोलून टाइप करायची सोय टूल्समध्ये आहे आणि ती मराठी ओळखते. ज्यांचा हात टायपिंगला बसलेला नाही त्यांना ही मोठी सोय. पूर्णविराम, स्वल्पविराम मात्र हाताने घालावे लागतात, आणि मापं, आकडे नंतर एकेक करून तपासावेच लागतात.

आता एका शब्दाकडे जवळून बघा: भाकऱ्या. या ऱ्या दोन प्रकारे उमटतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दिसायला दोन्ही एकच. पण मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ते अदृश्य चिन्ह गळलं, की 'भाकऱ्या'चं 'भाकर्या' होतं, आणि पुस्तकभर 'दुसर्या', 'पोळपाटावरच्या सार्या' असं दिसायला लागतं. उपाय म्हणून शोधा-आणि-बदला वापरून 'र्या'च्या जागी 'ऱ्या' सरसकट घालायचा मोह होतो. तो आवरा. 'मर्यादा'ची 'मऱ्यादा' होते आणि 'पर्याय'चा 'पऱ्याय'. एकेक जागा बघूनच बदला. याउलट 'ॲल्युमिनियम'मधला ॲ एका कोडचा आणि अ-वर-चंद्र असा दोन कोडचा, ही भेसळ बिनधास्त एकदम बदलता येते. ती राहिली तर वाचकाने पुस्तकात शब्द शोधला तरी निम्म्या जागी सापडत नाही.

जुनं टायपिंग युनिकोडमध्ये बदलून घेतलं असेल तर रफार, ज्ञ, ळ आणि आकडे या चार जागा आधी तपासा. रूपांतर तिथेच घसरतं.

डॉक्सचं थेट ईपब म्हणजे फाइल, डाउनलोड, ईपब. मित्राला नमुना पाठवायला चालतं. पण त्यात अक्षराचे आकार पॉइंटमध्ये पक्के होऊन येतात, रचनेत निरुपयोगी शैलींचा ढीग असतो, आणि पुस्तकाची माहिती नीट भरायला जागा नाही. म्हणून डॉक्समधून वर्डची डॉक्स-एक्स (.docx) फाइल उतरवा आणि पुढचं काम कॅलिबरवर सोडा.

कॅलिबर: नऊ गुण, एक गुण का कापला

ॲड बुक्सने फाइल आत घ्या. आधी माहिती भरा: शीर्षक, लेखक, आणि भाषा मराठी. भाषेची जागा रिकामी सोडू नका. भाषा मराठी असली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो, आणि चटणीचं पुस्तक लखनौचं वाटायला लागतं.

मग कन्व्हर्ट बुक्स. उजवीकडे वर आउटपुट ईपब, आणि ईपबच्या पर्यायांत आवृत्ती ३ निवडा, मूळ ठरावीक आवृत्ती २ असते. आता कापलेला गुण. प्रकरणं ओळखायच्या चौकटीत कॅलिबरने आधीच घातलेला नियम इंग्रजीत 'चॅप्टर', 'बुक', 'सेक्शन', 'पार्ट' असे शब्द शोधतो. 'प्रकरण ३: कडक भाकरी' त्याला प्रकरण वाटतच नाही. चौकटीशेजारी जादूच्या कांडीचं बटण आहे, ते दाबून एच वन टॅग, म्हणजे डॉक्समधलं पहिल्या पातळीचं शीर्षक, निवडा. अनुक्रमणिकेच्या पानावर पहिल्या पातळीला एच वन, दुसऱ्याला एच टू. एवढं केलं की प्रकरणं आणि कृती दोन्ही यादीत येतात.

लुक अँड फील या भागात आणखी एक सापळा आहे: युनिकोड अक्षरांचं आस्कीमध्ये लिप्यंतर करायची खूण. ती चुकूनही लावू नका. लावली तर तुमचं अख्खं मराठी पुस्तक रोमन अक्षरांत बाहेर पडतं. तिथेच फॉन्ट आत बसवायची सोय आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट किंवा गूगलचा नोटो सेरिफ देवनागरी घ्या. दोन्ही मुक्त परवान्याचे, विकायच्या पुस्तकात चालतात. वापरलेलीच अक्षरं ठेवायची 'सबसेट' ही खूण लावली की फाइल फुगत नाही. बाजारातून कॉपी केलेला फॉन्ट विक्रीच्या पुस्तकात घालणं म्हणजे परवान्याचा भंग, हे ध्यानात असू द्या.

शेवटी एडिट बुक उघडून एफ ७ दाबा. तुटलेले दुवे, हरवलेले फोटो यांची यादी येते. लाल खुणा शून्यावर येईपर्यंत थांबा.

फोटो आधीच लहान करून घ्या: रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल, प्रत्येकी ३०० केबीच्या आत. मोबाइलने काढलेले पाच-पाच एमबीचे वीस फोटो तसेच गेले तर पुस्तक शंभर एमबीचं होतं.

कव्हर

ॲमेझॉनच्या केडीपीला (किंडलसाठी स्वतः ई-बुक प्रकाशित करायची सेवा) उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल असं कव्हर आदर्श. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिपीची सोय सुरू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. सुरू असली तरी दोन ओळींचं शीर्षक जवळ आणताना वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा: 'शेंगा'वरचा अनुस्वार दिसला नाही तर अक्षर जाड करा किंवा मागचा फोटो साधा घ्या.

दुकानात ठेवताना

केडीपी २०१६ पासून मराठी पुस्तकं घेतं. ईपब चालतं, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागत नाही. हवाच असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो भारतात विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका. मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर केडीपी सिलेक्टमध्ये जावं लागतं, आणि त्याची अट अशी की ९० दिवस ती डिजिटल प्रत दुसरीकडे विकायचीही नाही आणि फुकट वाटायचीही नाही. म्हणजे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'घ्या वाचा' म्हणून फाइल टाकली तर अट मोडली. ७० टक्क्यांत फाइलच्या एमबीप्रमाणे पोहोचवण्याचा खर्चही कापला जातो, फोटो लहान करायचं दुसरं कारण हे. ज्यांना आधी ओळखीच्यांत वाटायचं आहे त्यांनी ३५ टक्क्यांवर राहावं आणि गूगल प्ले बुक्सवरही ठेवावं.

शोधशब्दांच्या सात जागा आहेत. आपण 'शेंगा चटणी' म्हणतो, पुण्या-मुंबईचा माणूस 'शेंगदाण्याची चटणी' शोधतो. दोन्ही घाला. 'मंगळवेढ्याची ज्वारी' हेही एका जागी चालेल, तिला भौगोलिक मानांकन आहे आणि भाकरीच्या प्रकरणात तिचा उल्लेख येणारच.

विक्रीला लावण्याआधी ईपब गूगल प्ले बुक्समध्ये स्वतःच्या खात्यात चढवून साध्या मोबाइलवर उघडा. अक्षर सर्वांत मोठं करा, पार्श्वभूमी काळी करा, आणि चटणीची कृती समोर ठेवून खरोखर चटणी करा. तेलकट बोटाने पान सरकवताना साहित्य एका पानावर आणि त्याचं माप पुढच्या पानावर गेलं असेल, तर डॉक्समध्ये परत जाऊन ती ओळ तोडा.