गोचिडांचा ऑक्टोबर: पिपेट, गोळी की पट्टा?

नवरात्र बसेपर्यंत कोल्हापूरचा पाऊस ओसरतो, ऊन चटके देऊ लागतं, पण जमिनीतली ओल इतक्यात हटत नाही. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडाला नेमकी अशीच हवा मानवते. म्हणून दसऱ्याच्या आसपास दवाखान्यांत आणि पेट शॉपमध्ये एकच विचारणा असते: गोचिडांवर चांगलं औषध कोणतं? शहरात सहज मिळणाऱ्या प्रकारांबद्दलचं आमचं मत इथे मांडतो.

सुरुवात पिपेटपासून, म्हणजे कातडीवर सोडायच्या पातळ औषधाच्या छोट्या नळीपासून, कारण ते सगळ्यात जास्त खपतं आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जातं. फ्रंटलाइन प्लस या पिपेटमध्ये फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रीन असतं. फिप्रोनिल गोचीड-पिसवा मारतं, मेथोप्रीन पिसवांची अंडी आणि अळ्या वाढू देत नाही. मात्रा वजनावर ठरते: १० किलोपर्यंत ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४, २० ते ४० ला २.६८ आणि ४० ते ६० ला ४.०२. वजन डोळ्यांनी ठरवू नका. कारवान किंवा पश्मी कुत्रं उंच दिसतं, पण अंगात मांस कमी असतं. पॉमेरेनियन केसांमुळे फुगीर दिसतं. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. मोठं कुत्रं असेल तर दवाखान्यातला काटा बरा.

लावायची जागा म्हणजे मानेचं बूड आणि खांद्यांचा मध्य, जिथे जीभ पोचत नाही. केस बोटांनी दोन्ही बाजूंना सारा, कातडी पांढरी दिसली की पिपेटचं टोक तिला टेकवून दाबा. केसांवर ओतलेलं औषध केसांतच वाळतं आणि पैसे वाया जातात. हे औषध कातडीच्या तेलात मिसळून एक-दोन दिवसांत अंगभर पसरतं. म्हणून लावायच्या आधी ४८ तास आणि नंतर ४८ तास अंघोळ नाही. शाम्पूने तेल निघून गेलं की औषध पसरायला काही उरत नाही. ‘औषध लागू पडलं नाही’ ही तक्रार ऐकली की आम्ही आधी अंघोळीचा दिवस विचारतो. फिप्रोनिल माशांना घातक आहे, त्यामुळे ते दोन दिवस कुत्र्याला रंकाळ्यात किंवा पंचगंगेत उतरवू नये. घरात ससा असेल तर त्याला हे औषध अजिबात लावायचं नाही. सशांत झटके येऊन मृत्यू होऊ शकतो. गोचिडांवर असर साधारण चार आठवडे टिकतो, पिसवांवर त्याहून जास्त.

गोळी महाग पडते, पण ज्या घरात कुत्रं दर आठवड्याला धुतलं जातं तिथे आम्ही गोळीच सुचवतो. ब्रावेक्टोमध्ये फ्लुरालानेर असतं आणि एक गोळी १२ आठवडे पुरते. नेक्सगार्डमध्ये अफॉक्सोलानेर, सिम्पॅरिकामध्ये सॅरोलानेर. या दोन्ही दर महिन्याला. ब्रावेक्टो पोट भरलेलं असताना द्या, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. गोळी रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड आधी चावतं आणि मग मरतं. अंगावर एखादं गोचीड दिसलं म्हणून गोळी फसली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं सापडतं. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र ही गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना थरथर आणि झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे.

फ्लुमेथ्रिन या गोचीड मारणाऱ्या औषधाचा गळ्यातला पट्टा अनेक महिने चालतो. तो आणि मान यांत दोन बोटं जातील इतका सैल ठेवा, उरलेलं टोक कापून टाका, नाहीतर कुत्रं ते चघळतं. पावडर आम्ही घ्यायला सांगत नाही: असर थोडा वेळ, आणि कुत्रं चाटून पोटात घेतं.

एका गोष्टीवर आमचा ठाम विरोध आहे. कसबा बावडा, वडणगे, शिये या बाजूला घराला लागून गोठा असतो आणि म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेली डेल्टामेथ्रिनची किंवा अमिट्राझची बाटली घरात असतेच. तीच अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळली जाते. मात्रा जास्त झाली की लाळ गळते, अंग कापतं, चाल लटपटते. अमिट्राझने कुत्रं सुस्तावतं, रक्तातली साखर वाढते. घरात मांजर असेल तर धोका आणखी मोठा. पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत आणि औषधाने ओल्या असलेल्या कुत्र्याला चिकटून झोपणंही मांजराला महागात पडू शकतं. मांजरासाठी पिपेट वेगळं येतं, ०.५ मिलीचं. कुत्र्याचं पिपेट अर्धं करून मांजराला वापरू नका.

आता, ज्याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात ते घर. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या भेगेत किंवा शहाबादी फरशीच्या सांध्यात शिरते आणि हजारो अंडी घालते. पिल्लं वर चढतात, म्हणून भिंतीवर, छताच्या कोपऱ्यातही बारीक ठिपके दिसतात. कुत्र्याचं पोतं आणि गोधडी कडक गरम पाण्यात धुवा, भेगा सिमेंटने भरा, कुत्र्याच्या खोपटामागची अडगळ हलवा. फवारणी करायची असेल तर जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं-मांजर दुसरीकडे ठेवा. उपाशी गोचीड कित्येक महिने जिवंत राहतं, त्यामुळे एकाच डोसवर थांबू नका. सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत औषधात खंड पडू देऊ नका.

अंगावर चिकटलेलं गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल, पेटती काडी, बोटांनी चिरडणं, सगळं टाळा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली आणि जांघेत रोज हात फिरवा. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या उताराला फिरून आला असाल तर त्याच वेळी कुसळंही शोधा, कारण ऑक्टोबरमध्ये गवत वाळतं. कुसळाचे काटे मागे वळलेले असतात, ते पुढेच सरकतं. कुत्रं एकाच बाजूने मान झटकत असेल तर कानात स्वतः काडी घालू नका, डॉक्टरांकडे न्या.

औषध घेताना पक्कं बिल मागा. खोक्याशिवाय सुटं पिपेट घेऊ नका. वजनगट आणि मुदत खोक्यावर असते. उन्हात उभ्या गाडीत औषध ठेवू नका. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाला यातलं काहीही आपल्या मनाने द्यायचं नाही. आणि औषध चालू असूनही ताप, जेवण सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद लघवी दिसली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांमुळे होणारे दोन्ही आजार लवकर सापडले तर उपचाराने बरे होतात.