कॅसेट टॉयलेट: शनिवार-रविवारची सोय कायमच्या मुक्कामाला पुरते का?

कॅम्पर (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन एकाच कॅम्पग्राउंडवर महिनोन्‌महिने राहायचं ठरलं की लोक आधी वीज आणि इंटरनेटची चौकशी करतात. राहणं सुखाचं होणार की नाही, हे मात्र बऱ्याचदा गाडीच्या बाजूच्या छोट्या दारामागची कॅसेट ठरवते, म्हणजे टॉयलेटखालची, मैला साठवणारी आणि बाहेर काढून ओतायची टाकी. कॅसेट टॉयलेटबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: वस्तू चांगली आहे, पण एका कॅसेटवर कायमचं राहू नये. पहिल्या दिवशीच दुसरी घ्यावी.

कारण साधं गणित आहे. बसवलेल्या टॉयलेटच्या कॅसेटमध्ये साधारण १७ ते १९ लिटर मावतात. त्यातली २ लिटर जागा पाणी आणि औषध (वास दाबणारं रसायन) यांत सुरुवातीलाच जाते. दोन मोठी माणसं दिवसाला सुमारे ३ लिटर लघवी करतात आणि फ्लशचं पाणी हात आखडून वापरलं तरी ३-४ लिटर होतं. म्हणजे जेमतेम अडीच दिवस. दिवसा कॅम्पग्राउंडचं शौचालय वापरलं तर चार दिवस निघतात. कॅसेट भरत आल्याचा लाल दिवा लागल्यावर थोडीच जागा उरते, आणि तो हमखास अपरात्री, पावसात लागतो. दुसरी कॅसेट तयार असेल तर नुसती अदलाबदल करून भरलेली ओतायला सकाळी निवांत जाता येतं. घेताना मॉडेल क्रमांक पाहा. काही मॉडेलांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या कॅसेट वेगळ्या असतात, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

भरलेली कॅसेट २० किलोच्या पुढे जाते. चाकं आणि लांब दांडा असलेलीच घ्या. खडीच्या रस्त्यावर मात्र ती लहान चाकं अडतात, म्हणून मुक्कामाची जागा निवडतानाच मैलापाणी ओतायची जागा किती लांब आहे आणि वाट कशी आहे, ते चालत जाऊन पाहून घ्यावं.

ओतताना चुका होतात त्या घाईमुळे. कॅसेट काढण्याआधी भांड्याखालची सरकती झडप पूर्ण बंद हवी. अर्धवट उघडी राहिली तर कॅसेट बाहेर येत नाही, आणि जोर लावला तर झडपेची यंत्रणा मोडते. ओतायची नळी बाहेर वळवा, झाकण काढा, नळी खाली येईल अशी कॅसेट कलती करा आणि मगच हवेचं बटण दाबा. बटण आधी दाबलं तर त्यातूनच शिंतोडे उडतात. दाबलंच नाही तर आत हवा जात नाही, मैला गचके देत बाहेर येतो आणि बुटांवर उडतो. नंतर चार-पाच लिटर पाणी घालून हलवा, पुन्हा ओता, असं दोनदा. हे पाणी धुण्यासाठी ठेवलेल्या नळाचंच घ्यावं, पिण्याच्या नळाला कॅसेट लावू नये. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

औषध नेहमी ओतायच्या नळीतूनच घालायचं, भांड्यातून नाही. घट्ट औषध झडपेच्या रबरावर साचून राहिलं की रबर खराब होतं. कोणतं औषध घ्यायचं हे कॅम्पग्राउंडला विचारा. मैलापाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर फॉर्मल्डिहाइड असलेलं औषध चालत नाही, कारण टँकमधले मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. घरातलं ब्लीच तर अजिबात नको. कागद पाण्यात लवकर विरघळणाराच हवा. जाड कागद आतल्या तरंगत्या मापकाला अडकतो आणि मग दिवा एकतर लागतच नाही किंवा विझतच नाही.

वास आला की लोक औषध वाढवतात. त्याआधी झडपेचं रबरी सील तपासा. भांड्यात पेलाभर पाणी सोडा आणि झडप बंद ठेवून दहा मिनिटांनी बघा. पाणी गायब झालं असेल तर सील गळतंय. बहुतेक वेळा ते फक्त कोरडं पडलेलं असतं: कॅसेट धुवा, सील पुसा, सिलिकॉनचा हलका फवारा मारा, झडप दोन-तीनदा उघडबंद करा. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं. तरीही पाणी गळालं तर सील बदला. टॉयलेट रोज वापरात असेल तर एक जादा सील डब्यात असायलाच हवं. कॅम्पर काही आठवडे बंद राहणार असेल तर कॅसेट रिकामी करून, सुकवून, झडप उघडी ठेवा. बंद ठेवल्यास रबर झडपेच्या पात्याला चिकटतं आणि पुढच्या वेळी उघडताना फाटतं.

औषधच नको असेल तर १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवता येतो. झडप उघडली की तो कॅसेटमधली हवा ओढून बाहेर टाकतो, त्यामुळे आत वास येत नाही. तो वास बाहेर मात्र जातोच, त्यामुळे शेजाऱ्याचं जेवणाचं टेबल ज्या बाजूला आहे त्या बाजूला हवा सोडायचं भोक पाडू नका. शक्य असेल तर हवा छतावर न्यावी.

बाकी तक्रार थंडीची. कॅसेटचा कप्पा बाहेरच्या पातळ दारामागे असतो, आत ऊब पोचली नाही तर कडाक्याच्या थंडीत ती गोठते. गोठलेली कॅसेट ओतता येत नाही आणि उकळतं पाणी घातलं तर प्लास्टिक तडकू शकतं. आदल्या रात्री ती आत, उबेला आणून ठेवणं एवढाच उपाय उरतो, आणि तेव्हा त्या झाकणावर तुमचा किती विश्वास आहे हे कळतं.